न चाखलेला ग्लास

१ फेब्रुवारी ९७, शनि.
आज बाबांचा ग्लास पडला. फुटला नाही, पण व्हिस्की सगळी मेणकापडावर. माझे सासरे जन्मभर बोटीवर बारमन. दर शनिवारी संध्याकाळी स्वतःचा ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं कॉकटेल) स्वतः करणार, बाटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि आता हात थरथरतो. दिनेश, माझा नवरा, मदतीला उठला तर त्याच्या अंगावर ओरडले, "हात थरथरतोय माजा, अक्कल न्हाय!" जेवले नाहीत. फार वाईट वाटलं.

४ फेब्रु.
मालवणहून गावकर काकांचा फोन. बोटीवरचे जुने दोस्त, २२ तारखेला येणार. बाबा म्हणाले, "ये रे, माज्या हातचा ओल्ड फॅशन्ड पाजतो. हात अजून तसाच हाय." फोन ठेवला नि हाताकडे बघत बसले. दि. म्हणाला, बियर पाजा ना. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की बस!
मी म्हटलं, आत मी करते, तुम्ही बाहेर न्या. कोण बघतंय?
"तू? मालकरी वारकऱ्याची पोर? चाखल्याबिगर कशी करशील?"
"बाबा, नैवेद्य कोण चाखतं? माझं मीठ कधी चुकलंय?"
बाटली माझ्यापुढे सरकवली. म्हणजे हो.

८ फेब्रु., शनि.
शिकवणी. साखरेचा खडा, त्यावर कडू अर्काचे थेंब, चमचाभर पाणी. विरघळलं की व्हिस्की, बर्फ. ढवळायचं, घुसळायचं नाही. वरून संत्र्याची साल पिळायची, तेल उडालं पाहिजे. यात काय एवढं!
पण घोटाळे दोन. बर्फाला बोंबलाचा वास (आमचा फ्रिज!). आणि बोटीवरून आणलेली अर्काची बाटली संपली. इथे तळवलीत कुठे मिळणार? बाबा म्हणाले, मग ऱ्हाऊ दे. तोंड एवढंसं झालं.
राहू दे काय? कडूच पाहिजे ना?

१० फेब्रु.
वाशीला जाऊन काडेचिराईत आणलं. आबांकडून संत्री (वडील माझे फळबाजारात माथाडी, संत्र्यांना तोटा नाही). चिराईत, लवंग, दालचिनी, साल, सगळं खळखळून उकळलं, आई तापात काढा करायची तसं. बाबांना थेंब दिला. काय तोंड केलं!
"मना ताप न्हाय आला, पोरी."
हसून मेले मी. ते पण हसले. एरवी 'ए घाटीन', आज पोरी.

११ फेब्रु.
बाबा म्हणाले, उकळायचं नाही, मुरवायचं. मग आधी सांगायचं ना! सगळं नव्याने, व्हिस्कीत, बरणीत. गच्चीवर ठेवली. शेजारची वहिनी, "कसला लोनचा घातलास गो?" म्हटलं, संत्र्याचं. खोटं कुठे बोलले?
आबांना मात्र सांगितलं नाही संत्री कशाला. गळ्यात माळ त्यांच्या.

२१ फेब्रु.
गाळलं. रंग कडक चहाचा. वासावरच कळलं, जमलं. बाबांनी बाटली दोन्ही हातांनी धरून हुंगली. "हां." एवढंच. पण माझ्या सासऱ्यांचं 'हां' म्हणजे काय ते मलाच माहीत. पाणी उकळून, झाकणाच्या डब्यात वेगळा बर्फ लावलाय. बोंबील आता खालच्या कप्प्यात.

२२ फेब्रु., शनि.
काका आले. मी आत ग्लास भरला, बाबांनी ट्रेमधून नेला, दोन्ही हातांनी. मी दाराआडून बघत होते. काकांनी पहिला घोट घेतला नि डोळे मिटले.
"मेल्या, हात अजून तोच रे तुझो!"
बाबा खुशाल "मग!" म्हणाले. माझी तळपायाची आग मस्तकात.
पण पुढे काका म्हणतात, "आता दुसरो माझ्यासमोर कर बघू." बाबांनी हात मांडीखाली घेतला. मला बघवेना. तशीच बाहेर आले. "काका, दुसरा माझ्याकडून. बाबा शिकवतायत मला. परीक्षा घ्या."
समोर केला. न चुकता. काकांनी प्यायला, मान हलवली. "बरो आसा. पण पयल्याची सर नाय हेका."
अहो! तोच अर्क, तोच बर्फ, हेच हात!
त्यावर बाबा म्हणतात, "शिकंल हलूहलू."
काका गेल्यावर भांडी अशी आपटली की दि. उठून आत आला. त्याला काय कळणार. काकांचे ते मिटलेले डोळे माझी कमाई होती. कुणी म्हणो न म्हणो. या गावात एकीने तरी करून दाखवावं असं.

१ मार्च, शनि.
आज मी बाटली, ग्लास काही काढलंच नाही. रुसले होते, सरळ सांगायचं तर. बाबांनीच सगळं मांडलं. माझ्यासमोर. हात लपवला नाही. साखर घरंगळली, अर्क मेणकापडावर. मी उठले तर म्हणाले, "बस." अर्धी व्हिस्की सांडली, अर्धी उरली. साल पिळायला किती वेळ लागला! मग ग्लास माझ्यापुढे सरकवला.
"दोनी येकच व्हते त्या दिवशी. तुजेच. मी बोललो न्हाय." ग्लासकडे बोट केलं. "ह्यो खरा माजा हाय. चाखून सांग, कोनाचा बरा."
माहेरी सात पिढ्यांत कुणी थेंबाला शिवलं नाही. आबांना कळलं तर...
समोरच बसलेत. खिडकीबाहेर बघतायत, जसं काही त्यांना पडलेलंच नाही. मी आपली लिहितेय. ग्लास वहीशेजारी. संत्र्याचा वास येतोय.
बर्फ वितळायला लागलाय. फार थांबलं तर चव जाते, त्यांनीच शिकवलंय.