साहेबांचा फोटो किडीच्या घरात गेल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी साहेब,
'बांधावरून' पाक्षिक, धान उत्पादक संघ,
गांधीबाग, नागपूर.

विषय: पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी पान आखण्याची पद्धत व घरून काम करण्याची परवानगी चालू ठेवणेबाबत.

संदर्भ: आपले दि. ६ सप्टेंबर १९७८ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करते की, २८ ऑगस्ट रोजी दुपारी पावणेदोनला घरात सामसूम असता बिस्किटाच्या डब्याचे झाकण फरशीवर वाजले. अर्जदार तेव्हा नळावर होती. नळ दोनला जातो. साडेचार वर्षांची मुलगी इंदू उठून डब्याशी बसली हे अर्जदाराला कळले. तरी तिने आधी पाण्याचा गुंड भरून घेतला. चूक ती एवढीच, आणि ती कबूल आहे.

२. त्या डब्यात आपले पाक्षिक असते. गुलाबचंद कापडवाले थान संपले की आतला पुठ्ठा देतात. अर्जदाराने त्याचे एकघरी, दोनघरी, चारघरी तुकडे कापले असून पानाची बारा घरे पाडली आहेत. बाजारभाव, औषध, सत्कार, जाहिरात, ज्याचा त्याचा तुकडा. कोणताही उचलावा, तेवढ्याच मापाच्या दुसऱ्याच्या जागी ठेवावा. उमरेडला अर्जदाराचे वडील धोंडबा मागावर लुगड्याचा काठ असाच बसवीत: फूल काढले की त्या जागी तेवढ्याच घरांची कोयरी. पूर्वी एक जाहिरात उशिरा आली की छापखान्यात खिळे जुळवणारे चंपतराव अख्खे पान सोडवून पुन्हा बांधीत, आणि बांधताना जे बोलत ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. ही पद्धत पाहून, बाईंनी छापखाना सुखी केला, असे आपणच म्हणाला होता.

३. इंदूने दोन दोनघरी तुकड्यांची अदलाबदल केली. एकावर आपला फोटो होता, दुसऱ्यावर धानावरच्या तुडतुड्याचे चित्र. दोन्ही असे चपखल बसले की कुठे फट नाही. अर्जदाराने भोवती पेन्सिल फिरवली आणि पानाचा तो नकाशा चारच्या आत छापखान्यात पोचवला. प्रूफ आपण स्वतः पाहता, पण त्या दिवशी आपण सत्कारासाठी बाहेरगावी होतात.

४. परिणामी 'ही कीड ओळखा, वेळीच बंदोबस्त करा' याखाली आपण हसतमुख आलात आणि 'संघाच्या भरभराटीचे श्रेय यांना' याखाली तुडतुडा. चंपतरावांना विचारता ते म्हणाले, "नकाशात हाय तसं लावतो मी, बाई. मानूस हाय का कीड, हे पाहाले मले कोनी सांगतलं नाही." कुहीच्या एका वाचकाने औषधाचे प्रमाण विचारले आहे, त्या पत्राशी अर्जदाराचा संबंध नाही.

५. आपल्या आदेशाप्रमाणे तुकडे बंद होऊन एक तारखेपासून अर्जदाराने साडेदहा ते साडेपाच कार्यालयात बसावयाचे आहे. साहेब, ते जमणार नाही. मालक श्री. विश्वनाथ गिरणीत पाळीवर असतात, सासूबाई जनाबाई कुहीला. इंदूजवळ कोणी नाही. तिला संगे आणावे तर डबाही येईल. म्हणजे काम सोडावे लागेल; आणि दुपारी पोर निजल्यावर पान जुळते तेवढाच वेळ अर्जदाराचा स्वतःचा असतो. हे नियमात कोठे लिहावे, कळत नाही.

६. उपाय म्हणून माणसांच्या तुकड्यांचा एक कोपरा कापावा असे योजले, जेणेकरून माणूस किडीच्या घरात बसला तर फट दिसेल. मात्र असे करता करता भावांचा तुकडा भावांच्याच घरी, जाहिरात जाहिरातीच्याच घरी, असे होत गेले, तर पान पुन्हा पहिल्यासारखे आखडेल. म्हणून फक्त आपलाच कोपरा कापला आहे. पाहावे.

७. सबब घरचे काम चालू ठेवावे. काल तो कोपरा कापत असताना इंदूला बजावले, की साहेबांना पुन्हा हलवायचे नाही. त्यावर तिने जे विचारले त्याचे उत्तर आपणाकडे असल्यास उलट टपाली कळवावे. ती म्हणाली, "आई, तूच तं म्हणते, कोणताही तुकडा कुठंही बसते. मंग साहेबायची जागा चुकली कशी?"

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
सौ. प्रेमिला विश्वनाथ धकाते
तांडापेठ, नागपूर
दि. ११ सप्टेंबर १९७८

सोबत: साहेबांचा तुकडा, कोपरा कापलेला, एक.