नंबराला लावलेल्या वहाणा

६ फेब्रुवारी १९९५, टाकरवाडी

आलो एकदाचा! कुंभार पिंपळगावपर्यंत एसटी आणि तिथून गावची एकुलती एसटी चुकल्याने पुढे जीपमध्ये दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबड्यांची पाटी यांच्यामध्ये अंग चोरून. गाव येईपर्यंत म्हाताऱ्यांनी माझं लग्न झालेलं नाही हे काढून घेतलं. उतरताना एकीने नाडी बघायला हातही पुढे केला. म्हणजे मी हजर होण्याआधीच कामाला लागलो.

प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या, पायरी, समोर मोठं कडुलिंबाचं झाड आणि मागे माझं क्वार्टर. माणसं दोनच, आशाबाई सिस्टर आणि शिपाई इंद्रभान. वर्षभर इथे डॉक्टर नव्हता. इंद्रभान म्हणाला, साहेब, पाटीवर डाक्टरचं नाव व्हतं, पर खुर्चीत डाक्टर न्हाई. दोघांनी माझ्यासाठी खुर्ची धुऊन ठेवली होती. ती अजून ओलीच होती आणि मी बसलोही.

खरं सांगायचं तर मी काही सेवेच्या ओढीने आलेलो नाही. सरकारने मला जवळजवळ फुकटात डॉक्टर केलं आणि खेड्यांना डॉक्टर मिळावेत म्हणून बाँड लिहून घेतला. इथली नोकरी निर्वेध झाली की दाखला मिळतो, आणि दाखल्यावर पीजीची राखीव जागा. मला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचंय. तोवर टाकरवाडीची हवा खाऊ. हवा चांगली आहे.

९ फेब्रुवारी

इथली एक पद्धत मला फार आवडली. पेशंट रांगेत उभे राहतच नाहीत. येतात, पायातल्या वहाणा पायरीपासून ओळीने लावतात आणि लिंबाखाली सावलीला जाऊन बसतात. मी आतून ‘पुढचा’ म्हणून हाक मारली की पहिल्या जोडाचा मालक उठतो. इंद्रभान सांगत होता की वहाण लावली म्हंजी माणूस लागला. दुसऱ्याच्या वहाणेला कुणी हात लावत न्हाई, आन् शेवटची वहाण उचलली जाईस्तोवर डाक्टर उठत न्हाई.

मी आता खिडकीतून वहाणा वाचतो. टाच एका बाजूने झिजलेली असली की गुडघा. अंगठ्यापाशी कापून मोठी केलेली असली की पायाला जखम. आज चारपैकी तीन बरोबर आले. आशाबाईंपुढे मी बरीच बढाई मारली.

२५ फेब्रुवारी

नव्याचे नऊ दिवस संपले. सर्दी, खरूज, हगवण, सर्दी. प्रवेश परीक्षा तोंडावर आली आहे आणि इथे पुस्तक उघडलं की कुणीतरी कण्हत येतं. म्हणून आता दर शनिवारी औरंगाबादला, मित्राच्या खोलीवर अभ्यासाला जायचं ठरवलंय. एसटी दिवसातून एकदाच, दुपारी एकला, दवाखान्यासमोरूनच सुटते. आज धावत पकडली. शेवटच्या दोघांना मी न तपासताच गोळ्या दिल्या. बिचारे खूश होऊन गेले.

११ मार्च, शनिवार. एसटीत.

अक्षर हलतंय. आज फार गर्दी होती. पाऊण वाजला तरी ओळ संपेना. मी इंद्रभानला म्हटलं, उरलेल्यांना सोमवारी यायला सांग. तो म्हणाला, साहेब, वहाणा लागल्यात अजून. मला एकदम राग आला. म्हटलं, मग झाडून टाक.

त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं. मग खराटा घेतला आणि सगळी ओळ भिंतीकडे लोटून तिचा ढीग केला. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. लोक मुकाट आले, आपापले जोड शोधून निघून गेले.

ओळीत शेवटी एक मोठा पुरुषी जोड होता, डाव्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेला. मालकीण मात्र एक कोवळी बाई, पोटुशी, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं. एवढी मोठी वहाण कशाला घातली, असं मनात आलं आणि गेलं. एसटीच्या खिडकीतून पाहिलं तर ती ढिगापाशी बसून दोन्ही हातांनी जमीन चाचपत होती. काही पडलं असेल, नाकातली चमकी वगैरे. तेवढ्यात एसटी सुटली.

१३ मार्च

ती गेली. आशाबाई शनिवारी लसीकरणाला गेल्या होत्या, त्यांनाही आजच कळलं. नंदाबाई नाव, कचरूची बायको. आठवा महिना होता. संध्याकाळी झटके आले आणि ट्रॅक्टरवरून नेताना वाटेतच संपली. पोटातलंही. चार दिवस डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

पाय सुजल्यावर स्वतःची वहाण पायात जात नाही. नवऱ्याची घालावी लागते. मी खिडकीतून वहाणा वाचणारा मोठा वैद्य! आणि ती चमकी शोधत नव्हती. तिला ढीग दिसत नव्हता. मला डोळ्यांचा डॉक्टर व्हायचंय.

रक्तदाब बघायला दोन मिनिटं लागतात. लाज वाटते. आरशात बघून दाढीसुद्धा करवली नाही.

१५ मार्च

कचरू आला होता. अनवाणी. हात जोडून पायरीखालीच उभा राहिला. म्हणाला, साहेब, ती माझ्या वहाणा घालून आल्ती. घरी अनवानीच आली. काही इचारलं तर बोलंना. इथं राहिल्या आसतील तर बघा, मला दुसऱ्या न्हाईत.

वहाणा आतल्या खोलीत होत्या. इंद्रभानने उचलून ठेवल्या होत्या. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वहाणा दिल्या की तिने नंबर लावला होता हे सिद्ध झालं. मग चौकशी, मग दाखला अडणार, मग सगळंच. मी म्हणालो, इथे नाहीत. ती त्या दिवशी इथे आलीच नव्हती.

त्या दिवशीचे लोक गावात आहेत. त्याला कळणारच. पण तो म्हणाला, मंग चुकी आमचीच साहेब, म्या जल्दी आणायला पाहिजे व्हती. आणि वाकून माझ्या पाया पडला.

जनाची नाही तर मनाची तरी, असं आई म्हणायची. दुपारी इंद्रभानकडून मी त्या वहाणा मागच्या खड्ड्यात, बँडेजं जाळतो तिथे, रॉकेल ओतून जाळून घेतल्या. जेवण गेलं नाही.

१८ मार्च, शनिवार

औरंगाबादला गेलो नाही. प्रत्येकाला नीट तपासलं, घोट्यावर बोट दाबून सूज बघितली. सगळे गेले. खिडकीतून पाहिलं तर ओळीत एक जोड उरला होता. मोठा. डाव्या अंगठ्याला तांब्याची तार.

एसटी हॉर्न देऊन गेली. मी ‘पुढचा’ म्हणालो. लिंबाखाली कुणीच नव्हतं. इंद्रभानचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने स्वतः जळताना बघितल्या होत्या.

२१ मार्च

शनिवारी शेवटी होत्या. आज ओळीच्या मधोमध. सर्वांत विचित्र म्हणजे लोक त्यांना काही म्हणत नाहीत. जागा सोडून आपल्या वहाणा त्यांच्यामागे लावतात. म्हणजे त्यांना दिसतात. म्हणजे मला वेड लागलेलं नाही. वेड लागलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च

आज पहिला नंबर. सकाळचे दहा, स्वच्छ ऊन. मी ‘पुढचा’ म्हणालो. पडदा हलला. फरशीवर ओली पावलं उमटत आली, रुंद, फुगलेली, बोटं एकमेकांत मिसळलेली. समोरचं स्टूल करकरलं.

मी काय करणार होतो? डॉक्टर आहे. टेबलावर रक्तदाबाचा पट्टा पुढे केला. तो आपोआप भरला, गोल झाला, आत दंड असल्यासारखा. पारा चढला. वर — आणखी वर — आणि तिथे थांबून ठोके द्यायला लागला. माझ्या नाडीचे नव्हते. माझ्यापेक्षा वेगळे, आणि त्यांच्या खाली आणखी एक, बारीक, भरभर —

मी म्हणालो, बाई, मला माफ करा. पारा खाली आला नाही.

२७ मार्च

इंद्रभान येत नाही. निरोप धाडलाय की पुन्हा खराटा धरणार न्हाई. डोकं ठणकतंय. बूट पायात जात नाहीत. आशाबाईंनी माझा रक्तदाब बघितला. म्हणाल्या, बिलकुल बराबर हाय साहेब, पायांनाबी काही न्हाई. मी पाय पुढे करून दाखवले. त्या दुसरीकडे बघू लागल्या.

२९ मार्च

ठरवलं. कचरूकडे जायचं. सगळं सांगायचं. ती आली होती, नंबर लावला होता, मी उठून गेलो. चौकशी होऊ दे, दाखला जाऊ दे. त्याच्या वहाणा त्याच्या हातात द्यायच्या.

क्वार्टरच्या दाराशी त्याच आहेत. माझ्या पायात दुसरं काही जात नाही. त्या जातात. अगदी मापाच्या.

३० मार्च

निघालो होतो. लिंबापर्यंत आलो — डोळ्यांपुढे अंधारी. ओळी वाकड्या होतायत. बसलोय. कपाळाला टॉवेल घट्ट बांधलाय.

असं कचरूपर्यंत पोचणार नाही, आधी दाखवायला हवं. वहाणा ओळीत लावल्या. सगळ्यांच्या मागे. नंबर येईल.

आत कुणीतरी बसलंय. माझ्या खुर्चीत. आवाज ओळखीचा — ‘पुढचा’ — घाईघाईचा — न तपासताच गोळ्या —

ऊन डोक्यावर आलं. एक वाजत आला असणार. एसटी येऊन थांबली. खुर्ची सरकली. साहेब, मी आहे अजून — मला फक्त कचरूपर्यंत — दोन मिनिटं —

कुणीतरी म्हणालं, मग झाडून टाक.

खराट्याचा आवाज. वहाणा गेल्या. मी हाताने चाचपतोय — माती — माती — इथेच लावल्या होत्या मी, इथे —