संध्याकाळचा फोन

४ मार्च, मंगळवार

नाक कापलं आज माझं, भरल्या मीटिंगमध्ये! परवा भूगोलाचे सर खाडीवर गेले आणि संध्याकाळचा फोन विसरले. गाळात उतरलेल्यांनी अंधार पडायच्या आत फोन करायचा, नाही आला तर मी अग्निशमन दलाला कळवायचं — विद्यापीठाने मला नेमलंय ते त्यासाठीच. मी कळवलं. बंब बोंबलत किनाऱ्यावर पोचला तेव्हा साहेब चहा पीत बसलेले.

‘बाईंचा हा भोंगा बंद करा कुणीतरी,’ सर म्हणाले. ‘यापुढे मला विचारल्याशिवाय कुठेही फोन करायचा नाही.’ विभागप्रमुखांनी मान डोलावली. सगळे हसले. सरांसाठी गाळात पाइप ठोकून नमुने काढणारा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञही हसला. तो माझा नवरा आहे.

५ मार्च

अबोला. हे म्हणतात, ‘अगं, सगळे हसले म्हणून हसलो.’ डबा दिला नाही.

१० मार्च, सोमवार

आज सर आणि हे, दोघंच खाडीवर. जाताना हे दारात घुटमळले. ‘येतो गं.’ मी पेपरातून मान वर केली नाही.

अंधार पडला. फोन नाही. ठीक आहे, हुकूम म्हणजे हुकूम — आधी सरांना विचारायचं. लावला त्यांना फोन. बंद! ह्यांचाही बंद. ज्यांना विचारायचं तेच गाळात, मी बापडी काय करणार? हसूच आलं मला. बसले असतील मागच्या वेळेसारखे चहा ढोसत. आणि अडकले असतील तर अडकू देत. कुडकुडू देत दोघांना, चांगली अद्दल घडेल. ऑफिसला कुलूप घातलं, घरी आले, गरमगरम जेवले. कडीही आतून लावली आहे. आल्यावर वाजवत बसू दे दार.

बरं वाटतंय. खरंच सांगते, फार बरं वाटतंय.

११ मार्च

सकाळी मासेमारीच्या होडीला दिसले. हे कमरेपर्यंत रुतलेले, वरून भरती. फोन पाण्यात गेलेले. सरांना खांद्यावर उचलून धरलं होतं म्हणे. सर वाचले.

हे गेले.

रडू येत नाही. बायका माझ्याकडे बघताहेत.

१२ मार्च

विभागप्रमुख येऊन गेले. ‘सूचना होती तशाच वागलात तुम्ही. तुमच्यावर काही ठपका नाही.’ चहा विचारला मी त्यांना.

१४ मार्च

सर हॉस्पिटलमधून सरळ माझ्याकडे आले. खुर्चीत बसवेना त्यांना, उभ्यानेच बोलले. ‘पाणी गळ्याशी आलं तरी तो मलाच धीर देत होता. म्हणाला, सर, थोडी कळ काढा, बंब निघालाच असेल. तुम्ही हुकूम काढा नाहीतर काही करा, तिने फोन केला असणार. बायको आहे माझी, मी ओळखतो तिला.’