पोपड्यामागचा चुना

४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद, आणि सोबत थोडी चिडचिड.

घराला बाहेरून भारी रंग लाव, म्हणजे दहा वर्षं बघायला नको, हा तुझा सल्ला पोचला. अरे शहाण्या, लांबून सल्ला द्यायला काय जातं! तीन बाजूंचा रंग अजून शाबूत आहे. पश्चिमेची भिंत तेवढी दर वर्षी पोपडे टाकते आणि दर वर्षी मीच शिडीवर चढते.

त्यात बाबा. पोपडा पडला की समोरच्या घराकडे तोंड करून, रंगारीकाकांना ऐकू जाईल अशा आवाजात, फसवलं म्हणून ओरडतात. काकांनी रंग देऊन नऊ वर्षं झाली! एका बाकावर बसून एकच पेपर वाटून वाचणारी माणसं ही. आता आम्ही दिसलो की काका दार लावून घेतात. महिनाअखेरीस नाही तर पुढच्या महिन्यात ते मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत. असे न बोलताच जाणार का रे? मला फार वाईट वाटतं.

तुझी ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू शिडीवर चढतेस हे वाचून शिडीची काळजी वाटली. नवा रंगारी बघ, विषय संपव. जुनं कशाला उकरून काढायचं? काकांचा हात चुकला असेल, वय झालंच होतं. बाबांना म्हणावं, सोडून द्या आता. इकडे कामाचा डोंगर आहे, म्हणून आवरतं घेतो.

तुझा धाकटा

१९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद आहेत, पण आज जरा हात आखडून.

नवा रंगारी आला. त्याने लोखंडी पट्टीने भिंत खरवडली आणि सरळ सांगितलं, की हिच्यावर कुठलाही रंग लावा, गळणारच. खालचा जुना चुना घासून काढलेलाच नाही, रंग नुसत्या भुकटीवर बसलाय. पाकिटात एक पोपडा घातला आहे. त्याच्या पाठीवरून बोट फिरव, पांढरं होईल.

मग मला आठवलं. काका तीन बाजू स्वतः घासून दोन दिवस बाहेरगावी गेले होते आणि चौथी तुझ्यावर सोपवली होती. मी आत उत्तरपत्रिका तपासत होते. पाण्याच्या नळीचा आवाज ऐकल्याचं आठवतं, ब्रशचा काही केल्या आठवत नाही. मला उत्तर नको. बाबांना लिही.

ताई

२६ नोव्हेंबर

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

पश्चिमेची भिंत मी घासली नव्हती. मित्र फाटकाशी थांबले होते, म्हणून नळीने नुसती ओली केली आणि पळालो. काकांनी परत आल्यावर विचारलं, तेव्हा घासली म्हणालो. पुढे तुम्ही त्यांना भर रस्त्यात वाटेल ते बोललात, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. मग दर वर्षी सांगणं जास्तच जड होत गेलं. मला लाज वाटते, बाबा.

तुमचा धाकटा

३ डिसेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हात शिवशिवले. तू लांब आहेस हे तुझं नशीब. मग तेच पत्र घेऊन समोर तुझ्या काकांकडे गेलो. त्याने दार उघडलं. मी नुसता कागद पुढे केला. त्याने चष्मा शोधून सगळं वाचलं.

त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं म्हणे. आपल्या दारातला पोपडा उचलून त्याने पाठ बघितली होती. मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. त्याने उलट मलाच विचारलं, की तुझ्या पोराचं नाव घेतलं असतं तर तू मानलं असतंस का? शिवाय चूक स्वतःचीच, असंही वर म्हणतो. रंग देण्याआधी भिंतीवरून हात फिरवून बघायचा असतो. पोरगं घरचं, म्हणून त्याच्या शब्दावर विसंबलो, म्हणाला. ते ऐकून मला रडू आलं. माफी मागितली, ती त्याने पुरती मागूही दिली नाही.

आता जाण्याआधी ती भिंत तोच रंगवणार आहे. डबा आणलाय, पण उघडायला तयार नाही. आधी तू येऊन भिंत घासायची, धुवायची आणि खडखडीत वाळू द्यायची. आठ दिवसांची रजा टाक. तारेचा ब्रश दारामागे ठेवला आहे. या खेपेस तो हात फिरवून बघणार आहे, आणि त्याच्यामागून मी.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, ते भिंत बघून ठरवू.

बाबा