गिटारची घूं आणि मास्तरांची सब्बल

मास्तर, आज दुपारी तुमची ती खड्डे खोदायची सब्बल पुन्हा जमिनीत गेली. हे ऐकून खूश होईल असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही, आणि तुम्ही जाऊन तर कितीतरी हंगाम उलटले. तरी लिहितो. तुम्ही ज्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे ती अजून आहे. धान कापून झालं की तशीच गावोगाव निघते, आणि स्टेजच्या पुढ्यात, तुम्ही तुमचा ऑर्गन सरकवून मला जिथं जागा करून दिली होती, तिथंच मी अजून गिटार घेऊन बसतो. ऑर्गनच्या जागी आता कीबोर्ड आहे. वाजवणारा माणूस गुणी आहे, फक्त जरा घाईत असतो. बोल कसंही, पण लिहिताना शुद्ध लिहीत जा, असं तुम्ही म्हणायचे, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहायला बसलो आहे. मध्येच घसरलो तर हसू नका.

यंदा दिवाळीनंतर कंपनी निघाली तीच माझ्या गिटारमध्ये एक घूं घेऊन. वाजवत असलो की ती कळत नाही. हात थांबला की स्पीकरमधून ऐकू येते, डब्यात भुंगा कोंडल्यासारखी. मारामारीच्या प्रवेशात तिच्याकडे कोण लक्ष देतो? पण माय मरते तो प्रवेश तुम्हाला माहीतच आहे. ती मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचं बोलते, बाकीची सगळी वाद्यं थांबतात आणि तुमची धून सुरू होते. तुम्ही ती ऑर्गनवर बांधली होती, तुमच्या मागं मी ती गिटारवर घेतली. त्या वेळी मंडपात कोणी खोकतसुद्धा नाही, आणि नेमकी तिथं माझी घूं. म्हणून मी नागपूरहून एक डबी आणली, नॉइज गेट म्हणतात तिला. सूर बारीक झाला की ती दारच लावून टाकते, मग घूं बाहेर येत नाही. पण घूं कोणती आणि विरत चाललेला सूर कोणता, हे त्या बिचारीला कळत नाही. धुनेचा शेवटचा लांब सूर ती मध्येच कापून टाकायची. मालक परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "काऊन गा, बाईनं मान टाकली का तुहा सूरही मान टाकून राह्यला." सगळे हसले, मीही हसलो. आज सकाळी चहाच्या वेळी मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "आज पाहतो मी. घूं आली किंवा सूर तुटला, तं उद्यापासून तो प्रवेश कीबोर्डवर. त्याच्याजवळ तयार म्युझिक आहे."

माझं घर काही त्या प्रवेशावर चालत नाही, मास्तर. राईस मिलची नोकरी आहे, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा आहे. पण त्या नाटकात तुमचं असं आता काहीच उरलेलं नाही. ऑर्गन गेला, पडदे बदलले, गाणी बदलली. राहिली ती तेवढी धून. तीही गेली तर तुम्ही दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, आणि या वेळेस माझ्या हातून.

दुपारी मंडप रिकामा होता. बांधीतलं धान कापून मोकळ्या झालेल्या जागेत स्टेज उभं केलेलं, खाली कापसाची पराटी-बिराटी काही नाही, नुसती धानाची खुंटं. मी गिटार मांडीवर घेऊन बसलो आणि मला तुमचं सिंदेवाहीचं स्वयंपाकघर आठवलं. रविवार आहे. मी मिलमधून तसाच आलेलो, केसांत धानाचा कोंडा. काकू लाखोळीच्या डाळीचे वडे तळताहेत, आणि मला गिटार बाहेर काढू न देता तुम्ही म्हणता, "डोळे मिट. काय काय ऐकू येते सांग." मी सांगतो, वड्यांचा चर्र, काकूंच्या बांगड्या, परसातली कोंबडी. "आता एकेक बाजूला काढ. वडे काढ. बांगड्या काढ. कोंबडी काढ. काय राह्यलं?" राहते ती फ्रिजची घूं. तुम्ही लगेच तिलाच षड्ज धरून गुणगुणायला लागता आणि काकू झारा हलवत म्हणतात, "फ्रिजले तरी सोडा जी." मग ताटात वडे येतात, आणि गिटार त्या दिवशी पिशवीतच राहते. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला शिकवायचा कंटाळा आहे.

शिकवत होतात तुम्ही, हे फार उशिरा लक्षात आलं. ऑर्गनचा पायानं दाबायचा पायटा करकरायचा, तेव्हा मी शहाणपणा करून त्यात चिंधी कोंबली होती. केवढे तापलात तुम्ही. "चूप करणं सोपं आहे. तो काऊन बोंबलून राह्यला, हे कोण पाहीन?" चिंधी काढली, पायटा उघडला, तर आतला पट्टा तुटायला आलेला. नाटकात तुटला असता तर ऑर्गन मुका झाला असता. आज ती नागपूरची डबी पाहिली आणि मला ती चिंधीच दिसली. काढून बाजूला ठेवली आणि एकेक आवाज काढायला लागलो.

आधी वायर बदलली. घूं तशीच. दिवे बंद केले, कीबोर्ड काढला, पंखा बंद केला. घूं तशीच. गिटारचा आवाज शून्यावर नेला तर एकदम कमी झाली, म्हणजे ती स्पीकरची नव्हती, गिटारकडूनच येत होती. मग तारांवर तळहात ठेवला, तर घूं बसली. उचलला, तर उठली. रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तसं. आणि हात उचललेला असताना आज तिच्यात आणखी एक आवाज सापडला, आधीच्या कोणत्याच गावात नव्हता असा. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. मी पुन्हा तारांना बोट लावलं आणि त्या टक् बरोबर बोटाला मुंगी चावली.

त्या मुंगीनं मला सरळ पहिल्या हंगामात नेलं. धानोऱ्याकडचं गाव, मी नवा नवा, कोरसमध्ये गायला माईकजवळ तोंड नेलं आणि हात गिटारच्या तारांवर. ओठाला असा झटका बसला की मी तुमच्या ऑर्गनवर जाऊन पडलो. तालीम थांबली. तुम्हाला विजेतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तुम्ही विचारत सुटले, आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलं की अर्थिंग नाही, विजेला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ती माणसातून जाते. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून सब्बल घेऊन आले. खड्डे खोदायची, माझ्या छातीएवढी, टोकाला चपटी, जड लोखंडी सब्बल. म्हणाले, "हे तुह्यासाठी. आता गाव कोणतंही असो, आधी हे गाडायचं, मग गिटार काढायची." पुढचे सगळे हंगाम कंपनीची गाडी थांबली की ऑर्गन उतरायच्या आधी सब्बल उतरायची. ओली जागा पाहून तुम्ही ती स्वतः ठोकायचे, भोवती मीठ आणि पाणी टाकायचे, आणि लोक विचारायचे, मास्तर, इथं झाड लावता काय? नंतर साऊंडवाल्यांची सोय त्यांची त्यांची झाली आणि सब्बल माझ्या घरी दारामागं गेली.

मग सरळ हिशेब लागला. या हंगामात घूं गावागावाला वेगळी होती. सिंदेवाहीकडे कमी, चिमूरच्या अंगाला जास्त, इथं तर टक् सुद्धा. गिटार तीच, वायर तीच, वाजवणारा मीच. बदलत होती ती जमीन. मी उठलो आणि साऊंडच्या अर्थिंगची हिरवी वायर धरून चालायला लागलो. ती मंडपाच्या मागून, बांधाच्या कडेनं, शेजारच्या हरभऱ्याच्या शेतापर्यंत गेलेली, आणि तिथं जमिनीत गाडलेल्या एका सळाखीला चिमटा लावलेला. सळाख ओल्या जागेत, पक्की, अगदी तुम्ही निवडली असती अशी. फक्त तिला आधीच दुसरी एक वायर होती, आणि ती जात होती झटका मशीनला. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी आता सगळीकडे हे यंत्र आहे, मास्तर, तुमच्या वेळी नव्हतं. वर सोलरची पाटी, आणि कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडते. टक्. टक्. तो झटका जमिनीतून परत मशीनकडे जायला ती सळाख होती, आणि आमच्या साऊंडवाल्यानं आमची गिटार त्याच वाटेला बांधून दिली होती.

साऊंडवाला चिमूरचा, माझ्याच वयाचा, फार चांगला माणूस. त्याला आणून दाखवलं तर म्हणाला, "मले वाटलं रेडीमेड भेटली. ओली बी आहे. काऊन खोदत बसा?" विचारलं, बाकीच्या गावी काय करतोस? तर कुठं बोरिंगचा पाइप, कुठं गेटचा खांब, जे लोखंड उभं दिसेल ते. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. इतक्यात शेतवाली बाई आली, कमरेला पदर खोचलेला, हातात विळा. मी हात जोडून म्हटलं, "बाई, रातच्या नाटकापुरतं मशीन बंद ठेवता काय?" तिनं माझ्याकडे, मग त्या हिरव्या वायरकडे पाहिलं. "डुक्कर काय नाटक पाहाले जाते काय भाऊ? मले तं यायचं आहे पाहाले. हरभरा कोण राखन?" तिचं खरं होतं. आवाज आमचा होता, आम्हीच वाट बदलायला हवी होती.

घरी फोन केला. बायको म्हणाली, "मास्तरांची सब्बल? तिनं मी कालच पपईचा खड्डा खोदला." तरी स्कुटीला आडवी बांधून घेऊन आली, सगळ्या रस्त्याला शिव्या देत. मंडपाच्या दुसऱ्या अंगाला गावची बोडी आहे, लहानसा तलाव, तिच्या काठाला माती काळी आणि गार होती. साऊंडवाल्यानं सब्बल धरली, मी घण घातले. खड्ड्यात मीठ टाकलं, बोडीचं पाणी टाकलं, पपईची माती खरवडून चिमटा लावला. साऊंडवाला म्हणाला, "आतापासून हे गाडीतच ठेवू." मी म्हटलं, गाडीत माझ्या गिटारजवळ ठेवू. तुम्ही दिलेली वस्तू मी एवढी वर्षं दारामागं ठेवली आणि ती दारामागं राहूनही माझ्या कामाला आली, यासाठी तुमचे पाय धरावेत असं वाटलं. तेव्हा धरायचे राहून गेले.

मालक येऊन समोरच्या खुर्चीवर बसले. डबी मी जोडली नाही. तारांवरचा हात उचलला आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो. अगदीच काही नाही असं नाही, कान लावला तर फ्रिजएवढी घूं होती, पण खुर्चीपर्यंत जात नव्हती. टक् गेलं होतं. मग मी तुमची धून वाजवली, रिकाम्या मंडपात, भर दुपारी. शेवटचा सूर सोडला आणि तो जात राहिला, बारीक होत राहिला, आणि कोणी त्याला मध्येच कापलं नाही. तो संपला तेव्हा बांधावरची ती बाई विळा हातात धरून उभीच होती. मालक म्हणाले, "तूच वाजवजो. मास्तरची आहे म्हणून नाई. चांगली आहे म्हणून." ते उठून गेले आणि मी गिटार पुसायच्या निमित्तानं खाली मान घातली.

हे पत्र गिटारच्या पेटीत, जास्तीच्या तारांखाली ठेवणार आहे. पाठवायचं कुठं? पण ठेवायच्या आधी एक सांगायचं आहे, कारण मालकांना ते माहीत नाही, फक्त तुम्हाला कळेल. माय मान टाकते त्याच क्षणी सूर सोडून द्यायचा, तिथंच थांबवायचा, हे तुमचं शिकवणं होतं. "मेलेल्या माणसाच्या मांगं सूर धावत नाई," असं तुम्ही प्रत्येक तालमीत म्हणायचे, आणि तुमचा पाय त्याच क्षणी पायट्यावरून उठायचा. तुमच्या हिशेबानं ती नागपूरची डबी बरोबर जागीच कापत होती. सूर मीच लांबवतो, मास्तर. तुम्ही गेलात त्या हंगामापासून लांबवतो, तो आपोआप संपेपर्यंत हात लावत नाही, आणि आज दुपारची एवढी सगळी धडपड त्या तुम्ही न शिकवलेल्या शेपटीसाठी होती. तुमच्याइतक्या लवकर मला सोडता येत नाही. आज रातीही लांबवीन. मले रागवाले तरी या.