उजव्या खालच्या कोपऱ्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय एका संगीत मासिकाची मुखपृष्ठे करणे, लग्न न केलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भाच्याने गेल्या आठवड्यात तसा प्रयत्न करून पाहिला; तो कसा परत गेला ते त्याच्या बायकोला विचारावे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता बँकेत जे उरेल ते, माझ्या भाचीला मिळावे. "आत्या, जेवलीस का?" एवढेच विचारायला फोन करणारी आमच्या घरात ती एकटी. तिच्या भावाने यावर हक्क सांगू नये.

२. माझे उतरते टेबल व पट्ट्या मासिकात हल्ली कॉम्प्युटरवर मुखपृष्ठे करणाऱ्या मुलीला द्याव्यात. पट्ट्यांचे तिला काही काम नाही, हे मला कळते. टेबल मात्र वापरावे. छापून आलेले मुखपृष्ठ त्यावर उभे करून खोलीच्या दारापर्यंत मागे जावे आणि तिथून काय दिसते ते पाहावे. मासिक पेपरवाल्याच्या दोरीवर चिमट्याने टांगलेले असते आणि शेजारचे अंक त्याच्यावर चढलेले असतात. दिसतो फक्त वरचा भाग. तिथे जे नाही, ते नाहीच.

३. आता माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा. मासिक त्याने काढले आणि मरेपर्यंत त्याचा संपादकही तोच होता. त्याच्या मते आमचा वाचक आरामखुर्चीत बसलेला, गाण्यातला दर्दी गृहस्थ. त्या गृहस्थाला चेहरा लागतो: मोठ्या गायिकेचा, हसरा, थेट त्याच्याकडे पाहणारा, मागे सोनेरी रंग, कडेने आठ-दहा मथळे. महिन्यामागून महिने मी ती हसरी तोंडे केली. पण अंक निघाला की मी पेपरवाल्याच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची. आरामखुर्चीतला गृहस्थ मला तिथे एकदाही भेटला नाही. घेणारे असत शिवणकामाला जाणाऱ्या बायका, पाळी संपवून निघालेल्या नर्स, कचेरीत शेवटच्या टेबलावर बसणारे. दिवसभर कुणाच्या तरी मागे उभे राहणारी माणसे.

म्हणून एका वर्षी मी मागची बाई काढली. एका मोठ्या गायिकेला ती व्हायोलिनची साथ करायची, आणि तिचे नाव आमच्या अंकात कधी छापले गेले नव्हते. सगळे पान गडद निळे. पानभर तिची पाठ, मासिकाच्या नावाला खेटून तिचा भला थोरला अंबाडा, आणि तिच्या खांद्यापलीकडे गायिका म्हणजे उजेडाचा एक पुसट डाग. मथळा एकही नाही. दादा म्हणाला, "पाठ कोण विकत घेतं? दुसरं काढ."

मी म्हटले, "दोरीवर लाव आणि बघ."

दुसरे काढायला वेळच उरला नव्हता, म्हणून ते छापले. दोन दिवसांत दोरी रिकामी झाली, अंक पुन्हा छापावा लागला, आणि दादा येईल त्याला "कल्पना माझी" असे सांगू लागला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

४. सहीबाबत. मी सही उजव्या खालच्या कोपऱ्यात करते. छापलेल्या एकाही मुखपृष्ठावर ती तिथे सापडणार नाही. मुखपृष्ठ मोठ्या कागदावर छापतात आणि मग कडा कापतात. दादाने कटिंगवाल्याला सांगून ठेवले होते की त्या बाजूने बोटभर जास्त घ्यायचे. घरच्या मासिकात सह्या कशाला, असे त्याचे म्हणणे. मी सही वर सरकवली की त्याची कापायची रेषही वर सरकायची.

मागच्या बाईच्या वेळी मी कोपऱ्यात सही केलीच नाही. तिच्या अंबाड्याच्या तिसऱ्या वेढ्यात केसांच्या रेषांनी माझे नाव लिहिले आहे, पूर्ण नाव. ते कापायचे तर बाईचे डोके उडवावे लागले असते. ते पहिल्यांदा दिसले एका शिवणकामवालीला. "केसांत कुणाचं तरी नाव ओवलंय," असे ती म्हणाल्याचे पेपरवाल्याने मला सांगितले. दादाला ते कधीच दिसले नाही. त्याने ते मुखपृष्ठ काचेत घालून आपल्या खुर्चीमागे टांगले. आज त्याच खुर्चीत भाचा बसतो.

५. भाच्याला मासिकाचा स्मरणग्रंथ काढायचा आहे आणि मागच्या बाईखाली 'संकल्पना: संस्थापक संपादक' असे छापायचे आहे. त्यासाठी संमतीचा कागद घेऊन तो आला होता. माझी संमती नाही, आणि मी मेल्याने ती मिळाली असे होत नाही. मूळ चित्र व त्याचे सर्व हक्क भाचीकडे जातील. छापायचे तर चित्रकार म्हणून माझे नाव दादाच्या नावाएवढ्याच टाइपात, कोपऱ्यात, अखंड. नाहीतर ग्रंथ मागच्या बाईवाचून काढावा.

भाच्याला माझे भिंग द्यावे. खुर्ची वळवून त्याने तिसरा वेढा पाहावा.

दादावर माझा जीव होता. पहिली रंगपेटी त्यानेच आणून दिली. परक्यावरचा राग मी केव्हाच विसरले असते.

६. हे सर्व पेपरवाल्याने अमलात आणावे. माझ्या हिशेबी वाचकांना त्याच्याइतके कोणी ओळखत नाही.

नोंद राहावी म्हणून: मी सही करायला पेन उचलले तेव्हा दुसरा साक्षीदार म्हणाला, "जरा आत घ्या, ताई. कडेला काही टिकत नाही." त्याला ठाऊक असणारच. मी सही अगदी कोपऱ्यातच केली, आणि तिच्या वरच्या ओळीत त्याने साक्षीची सही केली.

स्थळ: राहते घर, उतरत्या टेबलापाशी.
दिनांक: नवा अंक दोरीवर चढला तो दिवस.

साक्षीदार पहिला: पेपरवाला (सही)
साक्षीदार दुसरा: छापखान्यातला कटिंगवाला, निवृत्त (सही)

लिहून देणार: (सही, उजवा खालचा कोपरा)