झिपरूच्या वावरातला बेस कॅम्प

गुरुवार, १२ मे १९८३, जेवण झाल्यावर

ठरलं. परवा दुसरा शनिवार, सुट्टी. सुरगाण्याच्या डोंगरात मोटरसायकलवरून मोहीम, एक मुक्काम. डांबरी रस्ता वर्ज्य. डांबरीवरून काय, कोणीही जातं.

यशोदा म्हणाली, तुम्ही कॉलनीतल्या कॉलनीत दोनदा गटारात गेलात. (गटार त्या जागी नकोच होतं. मी लेखी तक्रार केली आहे.) रागाच्या भरात बोलून गेलो, रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी चालवत घरी नाही आलो, तर गाडी तुझ्या भावाला दिली. तिचा भाऊ जयराम रोज एसटीला लटकून सिन्नरच्या कारखान्यात जातो. माझ्या गाडीवर त्याचा तीन वर्षांपासून डोळा आहे. यशोदाने लगेच त्याला निरोप धाडला.

बघू म्हणावं. गाडी आहे म्हणून मी मी आहे. गाडी गेली तर एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या स्टोअर सेक्शनमधला आणखी एक कारकून, बस.

शुक्रवार, १३ मे

तयारी पूर्ण. ताडपत्री (तंबू), स्टोव्ह, दोर, होकायंत्र. होकायंत्र स्टीलच्या डब्याजवळ नेलं की उत्तर दिशा बदलते. डबा यशोदाने दिलाय, म्हणजे चूक कुणाची ते उघड आहे. संकल्प: कुणालाही रस्ता विचारायचा नाही.

शनिवार, १४ मे, सकाळी ६

गाडी चौथ्या किकला सुरू. पहिल्या तीन वॉर्मअपच्या.

दुपारी १

वणीच्या पुढे डांबरी सोडली, बैलगाडीची वाट धरली. कोरड्या ओहोळात गाडी थोडा वेळ आडवी ठेवली. इंजिनाला विश्रांती लागते. गुडघ्यालाही. एका बाईने सुरगाण्याचा फाटा मागेच राहिला असं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तेव्हा संकल्प शाबूत.

संध्याकाळी ६

फर्स्ट क्लास जागा मिळाली. चहूकडे दगडच दगड, आणि एका वावराच्या कोपऱ्यात शेण, फांद्या, पालापाचोळा असा मऊ थर पसरलेला. आयती गादी. तिच्यावरच तंबू ठोकला. असल्या जागा हेरायला नजर लागते. आता चहा. स्टोव्ह पेटवतो.

रविवार, १५ मे, सकाळी ७

स्टोव्हचा दोष नाही. वारा आडवा आला. गादी पेटली, ताडपत्री गेली, माझ्या भुवया गेल्या. गाडी मात्र जिवावर उदार होऊन बाहेर ओढली. एक चरा नाही.

माणसं धावत आली. वावर झिपरू नावाच्या माणसाचं. गादी नव्हती म्हणे, राब होता. पावसाआधी हा थर पेटवून जमीन भाजायची आणि तिथे भाताची रोपं करायची. मी म्हटलं, मग भाजली की. तुमचंच काम केलं. तेव्हा त्याची बायको भागुबाई बोलली. वरून माती टाकायची राहिली होती. मातीशिवाय नुसता भडका होतो, राख उडून जाते, जमीन कच्चीच राहते. महिनाभर डोक्यावरून पाला वाहिला होता तिने. रडली नाही, काळ्या जमिनीकडे बघत बसली. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

झिपरू म्हणाला, राब परत रचून द्या नि गाडी न्या. तोवर ती गोठ्यात. दोराने खुंटीला बांधली. दोर माझाच.

दुपारी २

फांद्या तोडणे, शेण वाहणे. माझ्या सहा खेपा, भागुबाईच्या अठरा. तिला सवय आहे. राब निम्माही झालेला नाही. संध्याकाळपर्यंत घर गाठायचं तर आत्ताच निघायला हवं. झिपरूला शर्त नीट समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, भाऊ, पाऊस तुमची शर्त बघून येनार हाय का? गाडी सोडली नाही.

संध्याकाळी ५, एसटीत

ही माघार नव्हे. गाडी बेस कॅम्पवर ठेवली आहे. मोठ्या मोहिमांत असंच करतात.

सोमवार, १६ मे

यशोदाने भुवयांच्या जागी खोबरेल लावलं. जयरामला मी बाणेदारपणे सांगितलं, गाडी तुझी. मात्र उरलेला राब रचल्याशिवाय झिपरू ती सोडणार नाही. शेणात हात घालायची वेळ आली की पळून येईल पठ्ठ्या. मग गाडी आपसूक माझी.

रविवार, २२ मे, संध्याकाळी

जयराम काल पहाटेच गेला. यशोदाही गेली, त्याला मदत म्हणून. मी गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

आत्ता दोघं आली. राब पुरा झाला, माती टाकली, आज सकाळी शिस्तीत पेटवलाही. भागुबाईने नागलीच्या भाकरी बांधून दिल्या आणि भुवया गेलेले भाऊ का नाही आले असं विचारलं म्हणे. जयराम गाडी चालवत होता. मागे यशोदा, पदर खोचलेला, नखांत शेण, आणि हसत होती. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या मागे ती एकदाही बसलेली नाही.

मी विचारलं, एवढ्या लांबून आलीस, भीती नाही वाटली?

म्हणाली, भीती कसली, जयराम चालवत होता ना.

आज यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.